काच पुसायची गाडी: पैसे कुठं घालावेत, कुठं वाचवावेत

जव्हार-मोखाड्यातल्या एखाद्या तरुणानं इमारतींच्या काचा धुण्याचा धंदा करायचं मनात घेतलं, तर त्याला दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. पहिला मोबाईलवरच्या व्हिडिओतून येतो आणि बहुतेक वेळा तो इंग्लंडचा असतो: एक बंद व्हॅन घ्या, तिच्यात पाचशे लिटरची टाकी बसवा, पाणी शुद्ध करायची यंत्रणा लावा, कार्बन फायबरचा लांब दांडा घ्या. दुसरा मुंबईत हाउसकीपिंगचं काम करून परतलेला गाववाला देतो: बादली, वायपर, शिडी आणि दोन पोरं, झालं काम. पहिल्या सल्ल्यात लाखांचे आकडे असतात, दुसऱ्यात काही हजारांत भागतं. दोन्ही सल्ले आपापल्या जागी खरे आहेत. जव्हारजवळच्या शिरपामाळाच्या आसपास राहून धंदा करणाऱ्याला मात्र यातला एकही जसाच्या तसा लागू पडत नाही.

आधी काचा कुठं आहेत ते पाहू. १६६४च्या सुरत स्वारीला जाताना शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले आणि जव्हारच्या विक्रमशहांशी त्यांची भेट झाली, असं इथं सांगतात. आज तिथं स्मारक आहे. दाभोसा, हनुमान पॉइंट, जयविलास राजवाडा असं करत फिरणारे पर्यटक तिथंही येतात. त्यांच्यासाठी रिसॉर्ट झाले, फार्महाउस झाली, त्यांना मोठ्या काचा आल्या. शिवाय पतंगशहा कुटीर रुग्णालय, बँकांच्या शाखा, पेट्रोल पंप, शोरूम, आश्रमशाळा आहेत. एवढ्या काचांवर एका गाडीचं पोट वर्षभर भरत नाही. उरलेलं काम मोखाड्यावरून तोरंगण घाट ओलांडून त्र्यंबकेश्वर-नाशिकला, नाहीतर खाली उतरून पालघरला आणि बोईसर-तारापूरच्या कारखानदारीत शोधावं लागतं. म्हणजे कुठल्याही दिशेला सत्तर-ऐंशी किलोमीटर, आणि वाटेत घाट. सामान निवडताना हा घाट डोक्यात ठेवायला हवा, कारण तो पाण्याच्या टाकीचा हिशेब बदलून टाकतो.

दुसरी गोष्ट मजुरीची. इंग्लंडमध्ये माणसाचा तास महाग आहे. तिथला काचवाला एकेका गल्लीतली घरं चार-सहा आठवड्यांनी नेमानं धुतो. एका घरामागे दहा मिनिटं वाचली तरी यंत्राचे पैसे वसूल होतात. आपल्याकडे घरोघरी जाऊन काच धुण्याची अशी फेरी नाही. घराच्या खिडक्या दिवाळीच्या तोंडावर घरातलीच माणसं वर्तमानपत्राच्या बोळ्यानं पुसतात. धंदा येतो तो संस्था, हॉटेलं, कार्यालयं आणि कारखाने यांच्याकडून, तोही वर्षाच्या किंवा तिमाहीच्या कंत्राटानं. मजूर स्वस्त, म्हणून वेळ वाचवणारं यंत्र इथं पटकन परवडत नाही. परवडतं ते माणसाला शिडीवरून खाली उतरवणारं यंत्र. हा फरक लक्षात घेतला की महागडं सामान कुठं घ्यावं आणि कुठं घेऊ नये, याचा अर्धा उलगडा होतो.

हातातल्या हत्यारांपासून सुरुवात करू, कारण इथं वाद फारसा नाही. स्क्वीजी, म्हणजे काचेवरून पाणी ओढून घेणारी रबराची पट्टी. फरशीच्या वायपरची ती धाकटी बहीण वाटते, पण दोन्हींचं रबर वेगळं असतं. आज जगभर वापरतात तो हलका साचा १९३६ सालचा. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या एत्तोरे स्तेकोने या काच पुसणाऱ्यानंच तो काढला. त्याआधीच्या स्क्वीजीचं रबर बदलायला डझनभर स्क्रू सोडवावे लागत. स्तेकोनेनं पितळेची हलकी पट्टी केली, तिच्यात एकच रबर सरकवून बसवता येई. आज उंगर, पुलेक्स, मोरमन अशा युरोपीय कंपन्यांचं सामान मुंबईत मिळतं, आणि त्याच आकाराचा स्वस्त माल कुठल्याही हाउसकीपिंगच्या दुकानात मिळतो. माझ्या मते दांडी स्वस्त घेतली तरी बिघडत नाही. पट्टी सरळ असली पाहिजे आणि रबर चांगलं असलं पाहिजे. रबराची धार गेली की काचेवर बारीक रेघ राहते, आणि ती रेघ गिऱ्हाइकाला सकाळच्या तिरप्या उन्हात दिसतेच. धार गेली की रबर उलटून लावायचं, दुसरी बाजूही गेली की टाकून द्यायचं. महागाची दांडी आणि वर्षभर तेच रबर, हा उफराटा व्यवहार मी बऱ्याच ठिकाणी पाहिलेला आहे.

साबणाचंही तसंच. हॉटेलं आणि इस्पितळं टास्कीचं आर-थ्री वापरतात, घरात कॉलिन असतं. बादलीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे काही थेंब टाकले तरी स्क्वीजी सुरेख सरकते. जास्त टाकला तर फेस पुसण्यातच जीव जातो.

खरा फरक पडतो तो पाण्यात. पाणी वाळतं तेव्हा त्यात विरघळलेले क्षार काचेवरच राहतात. पाचशे टीडीएसचं पाणी म्हणजे लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याला टीडीएस पाचशेपर्यंत असावा असं धरलं आहे, आणि दुसरं पाणी नसेल तिथं दोन हजारांपर्यंत चालवून घेतात. पिण्याला चालतं ते काचेला चालत नाही. स्क्वीजीनं पाणी ओढून घेतलं तर क्षार त्याबरोबर निघून जातात. दांड्याच्या टोकाला ब्रश लावून, पाणी वर नेऊन काच धुतली, तर पाणी पुसायला वर कुणीच नसतं. ते तसंच वाळू द्यायचं असतं. म्हणून त्या पद्धतीला जवळपास शून्य टीडीएसचं पाणी लागतं. दहाच्या वर गेलं की गडद काचेवर ठिपके दिसायला लागतात.

त्यामुळे टीडीएस मीटर हे या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी घ्यायचं यंत्र आहे. काहीशे रुपयांत मिळतं. ते घेऊन पाहिलं की आपला भाग किती तऱ्हेवाईक आहे ते कळतं. धरणाचं पाणी मऊ निघतं, कातळातल्या बोअरचं जड, आणि खाली किनाऱ्याकडे सरकावं तसं बोअरचं पाणी खारट होत जातं. बोईसरच्या एखाद्या कारखान्यात ‘आमच्याकडे पाणी आहे, तेच वापरा’ असं प्रेमानं सांगितलं जाईल. तेव्हा आधी मीटर बुडवावा.

पाणी शून्यावर आणायचे दोन मार्ग आहेत. एक आरओ, दुसरा रेझिन, म्हणजे क्षार शोषून घेणारे बारीक मणी भरलेली टाकी, जिला डीआय म्हणतात. इंग्लंडातले व्यावसायिक दोन्ही जोडतात: आधी आरओ बहुतेक क्षार काढतो, उरलेले रेझिन काढतं. तिथल्या व्हॅनमध्ये चार इंच जाडीचा आणि चाळीस इंच लांबीचा मेम्ब्रेन असतो. कमी खर्चाचा मार्ग म्हणजे घरगुती आरओचा छोटा मेम्ब्रेन. तो रात्रभर थेंब थेंब टाकी भरतो. निव्वळ रेझिनवरही काम चालतं. पण टीडीएस पाचपट झाला की तेवढंच रेझिन साधारण पाचव्या हिश्श्यात संपतं. मऊ पाण्यावर महिनोन्‌महिने चालणारी टाकी जड बोअरवर काही दिवसांत बसते. म्हणून मऊ पाण्याच्या गावात रेझिन, जड पाण्याच्या गावात आरओ आणि मागे रेझिन, असा साधा नियम धरता येतो.

मोखाड्यात या नियमाला एक अडचण येते, आणि ती तांत्रिक नाही. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. चारशे लिटरची टाकी भरायला आठशे ते बाराशे लिटर वाया जाणार. याच तालुक्यात कोचाळ्याजवळ मुंबई महापालिकेनं मध्य वैतरणा धरण बांधलं. शंभर मीटरहून उंच असं हे धरण २०१४ पासून मुंबईला पाणी देतं. तिथल्या काचेच्या इमारती त्या पाण्यानं धुतल्या जात असतील, आणि एप्रिल-मे महिन्यांत मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांवर बायका हंडे लावून टँकरची वाट पाहत असतात. चारशे लिटर म्हणजे पंचवीस-तीस हंडे. अशा वेळी रिसॉर्टच्या काचेसाठी पाणी भरून गावातून जाणारी गाडी लोकांच्या डोळ्यांवर येणार, आणि ते साहजिकच आहे. काम करायचंच तर त्या दोन महिन्यांत बादली आणि स्क्वीजीवर यावं, किंवा जिथं काम तिथलंच पाणी घ्यावं. आरओचं वाया जाणारं पाणी मागची टाकी ठेवून झाडांना, गाडी धुवायला, संडासाला वापरता येतं. ते नुसतं गटारात सोडणं इथं शोभत नाही.

याच भागाकडे एक गोष्ट मात्र इंग्लंडपेक्षा कितीतरी भरपूर आहे. पाऊस. जव्हार-मोखाड्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरपर्यंत आणि त्याहून जास्तही पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर कागदोपत्री अडीच लाख लिटर, आणि गळती, उडणारं पाणी, पहिल्या सरींचं टाकून दिलेलं पाणी वजा केलं तरी दोन लाखांच्या घरात. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. छपरावरून, पन्हळीतून येताना जे मिसळेल तेवढंच. वाळूचा गाळणा, मग कार्बनचा, आणि शेवटी रेझिनची छोटी टाकी एवढ्यावर ते शून्याला येतं. रेझिनही खूप टिकतं, कारण त्याला काढायला काही उरलेलंच नसतं. अडचण साठवणीची आहे. दहा हजार लिटरची टाकी भरून ठेवली आणि दिवसाला तीनशे लिटर लागले, तर महिनाभराचं काम होतं. पण तो महिना कुठला? पाऊस थांबल्यावरचा, दसरा-दिवाळीचा. काचांवर चार महिन्यांचं शेवाळ आणि चिखलाचे शिंतोडे बसलेले असतात, रिसॉर्टवाल्यांना हंगामापूर्वी सगळं लख्ख हवं असतं, आणि वर्षातलं सगळ्यात जास्त काम तेव्हाच असतं. परदेशी मेम्ब्रेनवर घालायचे पैसे शेडच्या पन्हळीवर आणि टाकीवर घालावेत, असं मी म्हणेन. या भागापुरता ‘व्यावसायिक’ संच हाच.

पाणी काचेपर्यंत न्यायला पंप लागतो, आणि इथं गैरसमज फार आहेत. लोक प्रेशर वॉशर घेऊन येतात. काचेला जोराचा दाब नकोच असतो. मिनिटाला एक-दोन लिटर पाणी ब्रशपर्यंत पोचलं की पुरे. दाबाच्या फवाऱ्यानं काचेच्या कडेचं सिलिकॉन उखडतं, पाणी आत शिरतं, आणि भरपाई आपल्यालाच द्यावी लागते. व्हॅनमध्ये बारा व्होल्टचा डायफ्राम पंप आणि पाण्याची धार कमीजास्त करणारं नियंत्रक असतं. याला आपल्याकडचा अगदी चांगला पर्याय प्रत्येक कृषी सेवा केंद्रात टांगलेला असतो: बॅटरीवरचा पाठीवरचा फवारणी पंप, सोळा-अठरा लिटरचा. त्यातही बारा व्होल्टचा छोटा डायफ्राम पंपच असतो. नळी दांड्याला जोडली की छोट्या कामाला तो पुरतो, आणि जिथं गाडी पोचत नाही अशा रिसॉर्टच्या मागच्या कॉटेजांना तर तोच बरा. पंप मात्र नवा घ्यावा. औषध मारलेल्या पंपाचा वास आणि अंश धुऊनही जात नाही. दिवसाला पंधरा-वीस टाक्या भरायची वेळ आली की समजावं, आता गाडीतला पंप आणि रीळवरची लांब नळी घेण्याइतका धंदा झाला.

गाडीबाबत आपल्याकडे जुनी ईको नाहीतर छोटा हत्ती हेच दोन नावाजलेले पर्याय. नवी बंद व्हॅन घेण्यात पैसा अडकवू नये. पण टाकीत कंजुषी नको. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. साडेसातशे किलोच्या आसपास क्षमता असलेल्या छोट्या हत्तीत पाचशे लिटर पाणी, टाकीचं वजन, दोन माणसं, शिड्या आणि बाकी सामान धरलं की गाडी काठावर येते. त्याहून वाईट म्हणजे अर्धी भरलेली टाकी. तोरंगण घाटात वळणावर दोन-अडीचशे किलो पाणी एका बाजूला धावतं, आणि ब्रेक मारला की पुढे. छपरावर ठेवायची उभी गोल टाकी सुतळीनं बांधून नेणारे दिसतात, ते सपाट रस्त्यावर निभावतात. घाटात जायचं तर टाकी बसकी हवी, आत आडव्या भिंती हव्यात म्हणजे पाणी एकदम सरकत नाही, आणि लोखंडी चौकटीत घालून ती चौकट गाडीच्या चॅसीला बोल्टनं कसलेली हवी. परदेशात अशा चौकटींची अपघात-चाचणी करून विकतात. आपल्याकडे चांगला फॅब्रिकेटर दोन दिवसांत बनवून देतो. टाकी चाकांच्या मध्ये, चालकाच्या मागे, आणि तिच्या आणि चालकाच्या मध्ये मजबूत आडोसा. हे होत नसेल तर शंभर-दीडशे लिटरचे छोटे ड्रम न्यावेत आणि पाणी खाली गेल्यावर भरावं.

आता उंची. जव्हार-मोखाड्यात बहुतेक इमारती तळमजला आणि वर दोन-तीन मजले. सहा-सात मीटरचा दांडा बऱ्याच कामांना पुरतो. त्यासाठी कार्बन फायबरची चैन गरजेची नाही. काचतंतूचा, म्हणजे फायबरग्लासचा दांडा थोडा जड आणि थोडा लवचिक, पण चालतो. नऊ मीटरच्या वर गेलं की कार्बनच घ्यावा. तिथं जड दांडा दिवसभर डोक्यावर धरून खांदे जातात, आणि टोक इतकं हलतं की ब्रश काचेवर टेकतच नाही. स्वस्तातला अॅल्युमिनियमचा दांडा मी कुणाला सुचवणार नाही, आणि कारण वजनाचं नाही. आपल्या गावांत विजेच्या उघड्या तारा घराच्या गॅलरीला चाटून जातात. अॅल्युमिनियम वीज वाहतं. महागडा कार्बनही वीज वाहतो, हे विकणारे सांगत नाहीत. फायबरग्लास कोरडा असेल तर बरा, पण आत पाण्याची नळी आणि बाहेरून ओघळ असताना त्याचाही भरवसा धरू नये. तार दिसली की त्या बाजूची काच सोडायची, किंवा महावितरणकडून तेवढा वेळ वीजपुरवठा बंद करून घ्यायचा.

शिडीवरून खाली उतरवणं हेच दांड्याचं खरं काम. इंग्लंडमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामाचे कडक नियम आले: जमिनीवरून होणारं काम उंचीवर चढून करू नये, हा त्यांचा गाभा. त्यानंतर तिथं दांड्याच्या पद्धतीला आणखी जोर मिळाला. आपल्याकडे बांबूच्या शिडीवर एक पाय खिडकीच्या कट्ट्यावर टाकून काम चालतं. दांडा आणि रेझिन मिळून जो खर्च होतो, तो एका पडण्याच्या इस्पितळाच्या बिलापुढे किरकोळ आहे. शिडी लागेल तिथं ती तरी धड असावी. चार फूट उंचीला एक फूट बाहेर असा पाया, खाली एक माणूस धरून.

मुंबई-ठाण्याच्या उंच इमारतींचं काम हा वेगळाच प्रांत आहे. जव्हारची पुष्कळ पोरं बांधकामावर त्या शहरांत जातात, त्यातली काही दोरीवर लटकून काचा पुसण्याच्या कामाकडेही वळू शकतात. तिथं झुला असतो किंवा दोरीची खुर्ची. तिथं ‘बजेट’ हा शब्दच उच्चारू नये. दोन स्वतंत्र दोऱ्या, एक कामाची आणि एक जिवाची, दोन वेगळ्या आधारांना बांधलेल्या. आयएस ३५२१ मानकाचा पूर्ण अंगाचा हार्नेस. कमरेचा पट्टा नव्हे. गच्चीच्या कठड्याला घासणार नाही अशी दोरीखालची गादी. आणि प्रशिक्षण. ब्रिटनमधून सुरू झालेल्या इराटा संस्थेचे तीन टप्प्यांचे परवाने आता भारतातही मान्य आहेत. ते घेतल्याशिवाय ठेकेदाराच्या शब्दावर गच्चीवरून उतरणाऱ्याला मी तरी अडवीन. एवढी तयारी नसेल तर आपल्या गाडीनं तीन-चार मजल्यांच्या वर हात घालू नये. तेवढंही काम बोईसर आणि नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत भरपूर आहे.

पैशाची सोय आहे. मुद्रा योजनेत शिशू गटात पन्नास हजारांपर्यंत, किशोर गटात पाच लाखांपर्यंत कर्ज मिळतं. आदिवासी तरुणांसाठी नाशिकला मुख्यालय असलेलं शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ आहे. शिशू कर्जात फवारणी पंप, दांडा, रेझिन, हत्यारं आणि थोडीफार साठवण एवढं बसतं. गाडी वर्षभर भाड्यानं घेऊन पाहावी. कर्जाचा हप्ता जूनपासून सप्टेंबरपर्यंत जड जातो, कारण पावसात काचेचं काम जवळपास थांबतं. बँकेशी बोलताना हे आधीच सांगितलेलं बरं.

जुन्या डागांबद्दल एक इशारा. वर्षानुवर्षं बोअरच्या पाण्याचे ओघळ सुकून काचेवर जे पांढरे डाग बसतात, ते शुद्ध पाण्यानं जात नाहीत. त्यांना सौम्य आम्लाचं औषध आणि हातानं घासणं लागतं, आणि काच खरोखर खाल्ली गेली असेल तर तेही पुरत नाही. नव्या इमारतीच्या काचेवर सिमेंट आणि रंगाचे थेंब असतात. ते पात्यानं खरवडताना काच ओली हवी, नाहीतर चरे पडतात. पहिली धुलाई नेहमी हातानं, शिडी किंवा मचाण लावून. दांड्याचं काम दुसऱ्या वेळेपासून. दर ठरवताना पहिल्या खेपेचे दुप्पट सांगायला लाजू नये.

आणि काच म्हणजे फक्त खिडकी नाही. आश्रमशाळा, आरोग्य केंद्रं, पाड्यांवरच्या पाणीयोजना, शेतातले पंप यांच्यावर सौर पॅनेल बसत आहेत. २०१९ पासूनची कुसुम योजना, २०२४ पासूनची घराच्या छपरांसाठीची सूर्यघर योजना यांनी त्यांची संख्या वाढतेच आहे. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांची तांबडी धूळ त्यांच्यावर बसते आणि वीज घटते. यांना लागणारं सामान तेच: मऊ ब्रश, दांडा, क्षार नसलेलं पाणी. पॅनेल बहुधा खिडकीपेक्षा खाली असतात, म्हणून लहान दांडा पुरतो, आणि ब्रश फिरवला तर पाणीही कमी लागतं. धुवायचं पहाटे किंवा संध्याकाळी. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर ती तडकू शकते. पॅनेलवर पाय द्यायचा नाही, जोडण्यांना हात लावायचा नाही, तडा दिसला तर आधी मालकाला दाखवून मगच पाणी सोडायचं. ही कामं तालुक्यातच आहेत, त्यांच्यासाठी घाट उतरावा लागत नाही. एखाद्यानं पाठीवरचा पंप आणि सहा मीटरचा दांडा घेऊन मोटारसायकलवरून याच कामानं सुरुवात केली, तर गाडीचा प्रश्न वर्षभर पुढं ढकलता येतो.